शिशाच्या भांड्यातला खडा

१

नम्रताच्या वडिलांचं वर्षश्राद्ध झालं ते साल दोन हजार पंचवीस. पौष सरत आला होता. मिठबावच्या घरी भटजी जेवून उठले, पत्रावळी उचलल्या गेल्या, आणि कावळा घासाला शिवायला इतका वेळ का लागला यावरून विमला आत्या शेजारणीशी वाद घालत होती. तेवढ्यात नम्रताचा फोन वाजला. मुंबईहून तिचे साहेब बोलत होते.

"तू गावीच आहेस ना? मग सड्यावरच्या त्या आंब्याच्या कारखान्यात जाऊन ये. आपली गाडी तिथे पोचलीय. काहीतरी गडबड आहे."

नम्रता हात धुऊन निघाली. आत्या मागून ओरडली, "आजच्या दिवशी खंय चललंस गो? बापाशीचा श्राद्ध ना?"

"श्राद्ध झाला, आत्या. आता करूचा काय रवला?"

हे ती रागाने बोलली नाही आणि दुःखानेही नाही. वर्षभर ती अशीच बोलत होती. वडील गेले तेव्हा ती रडली नव्हती आणि नंतरही नाही. लोक म्हणत, पोरगी खंबीर आहे. ती त्यावर काही म्हणत नसे, कारण आपल्याला नेमकं काय झालंय हे तिला स्वतःलाच कळत नव्हतं. पाय बधिर झाला की तो आपला वाटत नाही, तसं तिला सगळं अंगच वाटे.

ती होती सरकारच्या अणुकचरा विभागात. देशभरातल्या इस्पितळांतून, प्रयोगशाळांतून, कारखान्यांतून कमी तीव्रतेचा किरणोत्सारी कचरा गोळा करायचा, तो पिंपात सिमेंटमध्ये पक्का करायचा, काँक्रीटच्या खंदकात पुरायचा आणि तीनशे वर्षं त्याच्यावर नजर ठेवायची, हे त्या विभागाचं काम. बहुतेक कचरा म्हणजे हातमोजे, चिंध्या, गाळण्या. पण अधूनमधून एखाद्या कारखान्यातली जुनी कुपीही त्यात असे, आणि ती मात्र चिंधीसारखी निरुपद्रवी नसे.

सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळपठारावरच्या, कारखान्यात अशी एक कुपी होती. आंब्याचा रस डब्यात पुरता भरलाय की नाही हे डबा न उघडता बघणाऱ्या यंत्रात ती बसवलेली असे. करंगळीच्या पेराएवढी चकचकीत कुपी, तिला ठेवायला जाड शिशाचं भांडं, आणि भांड्याला लोखंडी पेटी. कारखाना बंद पडला तेव्हा यंत्र मोडलं, पेटी कोठीत कुलूपबंद केली, आणि विभागाची गाडी येऊन ती नेईल म्हणून सगळे वाट बघत बसले.

गाडीवरच्या माणसांनी पेटी उघडून ठेवली होती. कुलूप शाबूत. भांडं जागच्या जागी. फक्त भांड्याजवळ धरलेला मीटर, जो अशा भांड्याजवळ थोडा तरी बोलतो, तो मुका होता.

"झाकण काढा," नम्रता म्हणाली.

झाकण आट्यांचं होतं, ते फिरवून काढलं. आत कुपी नव्हती. कुपीच्या जागी सुपारीएवढा एक काळा खडा होता.

२

फौजदार आले. त्यांनी खडा उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला. "हलवलं की आत काहीतरी खडखडलं पाहिजे, म्हणून घातलाय," ते म्हणाले. "चोर हुशार आहे."

"हुशार चोर शिसं कसं सोडून जाईल?" नम्रताने विचारलं.

बाजारात शिशाला गिऱ्हाईक आहे. कुपीला कुणी विचारत नाही. चोरायचंच तर माणूस भांडं नेईल आणि कुपी गटारात फेकेल. इथे उलटं झालं होतं. ज्याने कुणी केलं त्याला भांडं नको होतं, कुपीच हवी होती. फौजदारांच्या कपाळावर आठी पडली ती त्यामुळे. कुणाला तरी कुणाचं तरी वाईट करायचं असेल तर? एखाद्याच्या उशाखाली ती कुपी महिनाभर ठेवली तर माणूस जातो. नम्रताने ते त्यांना सांगितलं होतं, आणि सांगताना तिचा आवाज जराही हलला नव्हता.

पहिल्यांदा बोलावलं सुशांतला. तो कारखान्याचा व्यवस्थापक, किरणांच्या सुरक्षेची जबाबदारीही त्याच्यावरच. मालक मुंबईत, कामगार गेलेले, हा एकटा टेबल राखत बसलेला.

"किल्ली कुणाकडे?" नम्रताने विचारलं.

"माझ्याकडे. कायम माझ्याकडे."

"दाखवा."

सुशांतने खिसे चापपले, मग टेबलाचा खण उघडला, मग बंद केला. "घरी राहिली असेल."

"पहारेकऱ्याच्या खोलीत खिळ्याला किल्ल्यांचा जुडगा आहे. त्यातली कोणती?"

सुशांतचा चेहरा उतरला. मग एकदम चिडून म्हणाला, "मॅडम, तुमचा विभाग मला काय विचारतो? दोन पावसाळे मी फोन करतोय. गाडी पाठवा, गाडी पाठवा. तुमचा माणूस म्हणतो, कोकणातून आणखी दोन-चार पेट्या जमल्या की एकदमच येऊ. एका पेटीसाठी गाडी परवडत नाही. तीनशे वर्षं सांभाळणार म्हणता, आणि इथून उचलायला तुम्हाला वेळ नाही!"

ते खरं होतं. नम्रताने मान डोलावली.

"तुम्ही पहारेकऱ्याला त्या पेटीबद्दल काय सांगितलं होतं?"

"जे सांगायला हवं तेच. त्यांच्या भाषेत सांगितलं, नाहीतर त्यांना कळत नाही." सुशांत जरा सावरला. "म्हटलं, ह्या पेटीत जे आहे ते दिसत नाही, त्याला वास नाही, आवाज नाही. पण जवळ राहिलं तर माणसाला आतून खातं. पोटातलं पोर सोडत नाही. पेटीकडे फिरकू नका."

"आणि तो काय म्हणाला?"

"गुणाजी? तो म्हणाला, मगे असला हंय कित्याक ठेवलास?"

३

तिसऱ्या दिवशी बाबू भंगारवाला स्वतःहूनच आला, आणि आल्या आल्या भांडायला लागला.

"भंगार इकतंय म्हणान चोर काय मी? यंत्राचो सांगाडो मालकान माका दिल्यान. सुशांतसायबांक इचारा. तो मी तळेऱ्याक नेऊन इकलंय. पेटयेक हात लावक नाय!"

"हात लावलात असं कोण म्हणालं?"

"गाव म्हणता! माझी बायल माका घरात घेणा नाय. माझ्या टेंपोत कोण बसणा नाय. काल हजामान सुदा दाढी करूक नाय म्हटल्यान!"

बाहेर उभे असलेले दोघे हसले. नम्रताने मीटर त्याच्या अंगावरून फिरवला, टेंपोतून फिरवला, त्याच्या आवारातल्या पत्र्यांवरून फिरवला. मीटर गप्प.

"बाबू, समजा कुणी तुला ती पेटी दिली असती. तू काय घेतलं असतंस?"

बाबूने तिच्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. "शिसां. आनी काय? ती डबी घेवन काय गळ्यात बांधू?"

खोटं बोलणारा माणूस इतक्या पटकन असं उत्तर देत नाही. नम्रताने त्याला जाऊ दिलं.

मग ती एकटीच टेबलाशी बसली आणि खड्याकडे बघत राहिली. खडा गुळगुळीत होता, समुद्राने घासलेला. एका अंगाला पांढरट कडा चिकटलेली होती, शिंपल्याच्या तुटक्या ओठासारखी. कालवाची कवची. आणि त्या कवचीच्या खाचेत लाल काहीतरी. नखाने उकरलं तर बोटाला पिंजर लागली, देवाला लावतात ते कुंकू.

खिडकीबाहेर सडा पसरला होता, तांबडा, जांभ्याचा. खडखडायला खडाच हवा तर पावलापावलावर हवा तेवढा पडलेला. मग चोराने समुद्रावर उतरून, कालवं लागलेला खडा वेचून, त्याला पिंजर लावून, तो सडा चढून वर कशाला आणला असेल?

४

गुणाजी तारी खालच्या कोळीवाडीत राहायचा. आधी होडीवर जायचा, मग गुडघे गेले आणि कारखान्यात रात्रीचा पहारेकरी झाला. नम्रता गेली तेव्हा तो घरापुढच्या खळ्यात बसला होता. उजव्या हाताच्या बोटांना फडकं गुंडाळलेलं.

"मी वरच्या वाडीतल्या बापूंचां चेडू," ती वडिलांचं नाव सांगत म्हणाली.

"म्हायत आसा. बापू बरो माणूस होतो." तो म्हणाला.

आतून त्याची बायको हिरा आली. उन्हाने काळवंडलेली, काटकुळी. तिने सुनेला हाक मारली, "सलोनी, पाणी हाड गो." सलोनी पाणी घेऊन आली तेव्हा एक हात कमरेवर होता. दिवस भरत आले होते. तिचा नवरा मोठ्या बोटीवर, परमुलखात.

"बसा ना काकी," नम्रता हिराला म्हणाली.

"नको, उभीच बरी आसंय. सायबिनीच्या समोर बसतत काय?"

"मी कसली सायबीण! तुमच्या टोपलीतले बांगडे घेवन आमी भायर पळायचो."

"पैशे दिल्याबिगर!" हिरा हसली. हसता हसता तिने पडवीचा खांब धरला. "कालपासून खाल्लेला पोटात रवणा नाय. पित्त झालां माका."

"आई, बसा गो जरा," सलोनी म्हणाली.

"गळू झालां म्हटलां ना! बसतलंय कशी?"

नम्रताने मीटर घरभर फिरवला. चुलीजवळ, पेटाऱ्यांत, देवळीत, अंथरुणांत. मीटर गप्प. सलोनीच्या अंथरुणाशी तिने तो पुन्हा पुन्हा धरला. मग ती बाहेर आली.

"गुणाजीकाका, बोटांना काय झालं?"

"चुलीत भाजली."

"बघू."

त्याने फडकं सोडलं नाही. तिने सोडलं. बोटांची टोकं काळीनिळी, मधे ओल्या जखमा, कडेची कातडी मेणासारखी. आगीने असं होत नाही. नम्रताने अशी बोटं फक्त प्रशिक्षणाच्या पुस्तकातल्या फोटोंत पाहिली होती.

"केव्हापासून?"

"दिवाळी झाल्यार."

"काका, ती डबी तुम्ही उघड्या हाताने धरलीत. ती कुठे आहे?"

गुणाजीने समोरच्या माडाकडे पाहिलं. "माका म्हायत नाय," तो म्हणाला.

"कुणाला दिलीत?"

"म्हायत नाय."

"ती जिथे असेल तिथे कुणाचा तरी जीव घेतेय. रोज."

गुणाजीने सलोनीकडे पाहिलं, मग खाली. त्यानंतर नम्रताने विचारलं, फौजदारांनी येऊन दरडावून विचारलं, तरी त्याने तोंड उघडलं नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी नाही.

५

"आता काय राहिलं?" फौजदार म्हणाले. "किल्ली खिळ्याला, बोटं जळलेली. हाच. पण ह्याच्यामागे कोणीतरी आहे. व्यवस्थापकाने मालकाला अडकवायला करवलं असेल. दोघांनाही परवा उचलतो. मग बोलतील."

"बोलले नाहीत तर?"

"बोलतील."

नम्रताने गुणाजीचा चेहरा पाहिला होता. मारून तो बोलला नसता. आणि परवापर्यंत कुपी कुठेतरी तशीच पडून राहिली असती.

दुसऱ्या दिवशी तिने आणि गाडीवरच्या माणसांनी वाडी पालथी घातली. विहिरी, गोठे, शाळेचं अंगण, होड्या, जाळ्यांचे ढीग. भर दुपारी त्यांनी किनारा चालून पाहिला, पुळणीच्या वाळूपासून खाडीच्या तोंडाच्या खडपाच्या खडकांपर्यंत. अमावास्या नुकतीच झालेली, उधाणाची भरती होती. खडपावरून पाणी फुटत होतं. मीटर कुठेच बोलला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली तर शेजारच्यांकडे गडबड. त्यांच्याकडे माघी गणपती बसला होता, दीड दिवसाचा. विसर्जनाला निघाले होते. नम्रताच्या घरी वर्ष झालं नव्हतं तोवर गणपतीच आणला नव्हता, भाद्रपदातही नाही. ती पायरीवर बसून राहिली. ढोल गेला, पोरं गेली. बघून तिला काही वाटलं नाही.

थोड्या वेळाने मंडळी परत आली. पुढे शेजारचे दाजी, डोक्यावर रिकामा पाट. पाटावर मूठभर ओली वाळू, वर एक खडा, खड्यावर पिंजर.

आत्या घरातून म्हणाली, "त्यांच्या पाटाक नमस्कार कर गो. उठ."

नम्रता उठली नाही. ती पाटाकडे बघत होती. देव सोडून आल्यावर त्याची जागा रिकामी ठेवत नाहीत. जिथे सोडला तिथली वाळू, तिथला खडा पाटावर घालून आणतात आणि देव बसला होता तिथे ठेवतात. लहानपणापासून ती बघत आली होती. देव पाण्यात जातो. पाट कधी पाण्यात सोडत नाहीत. पाट घरी येतो.

शिशाचं भांडं म्हणजे पाट.

"आत्या, माझी चप्पल खंय?" ती म्हणाली, आणि चप्पल न घालताच निघाली.

६

गुणाजी खळ्यातच होता. त्याला पहाऱ्यावरून काढलं होतं; फौजदारांची गाडी अजून आली नव्हती. सलोनी दारात सूप घेऊन बसली होती. नम्रता त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"काका, तुम्ही काही बोलू नका. बोलायचं नाही असं तुम्ही कुणाला तरी कबूल केलंय. मी बोलते. चुकलं तर मान हलवा."

गुणाजीने फडक्यातला हात मांडीवर घेतला.

"सुशांतने तुम्हाला सांगितलं, पेटीत जे आहे ते दिसत नाही, वास नाही, आवाज नाही, आणि माणसाला आतून खातं. पोटातलं पोर सोडत नाही. असली बाधा काय असते ते तुम्हाला सुशांतपेक्षा जास्त माहीत. सलोनी तुमचा डबा घेऊन कारखान्यात यायची. तिची आधीची दोन पोरं पोटातच गेली. वाडीत कुणालाही विचारलं तरी हे सांगतात."

दारातलं सूप थांबलं.

"तिसऱ्यांदा दिवस गेले. गाडी येतली, येतली म्हणून दोन पावसाळे गेले. मग तुम्ही ठरवलं, आपणच घालवून यायचं. चोरी नाही केलीत. चोराने शिसं नेलं असतं. तुम्ही त्याला शिवेबाहेर नेऊन समुद्रात सोडलंत, जसं सोडतात तसं. बांधलेलं जात नाही, म्हणून झाकण उघडलंत. भांडं पाटासारखं परत आणलंत. आणि तिथलाच एक खडा, पिंजर लावून, त्याच्या जागी ठेवलात, जागा रिकामी राहू नये म्हणून. फौजदार म्हणतात खडखडायला ठेवला. खडखडायला सड्यावर काय खडे थोडे आहेत?"

गुणाजीची मान हलली नाही.

"गावाच्या राखणदाराला, शिवेवरच्या देवाला, गाऱ्हाणं घातलंत, सून मोकळी होईपर्यंत हे कुठे सोडलं ते तोंडातून काढणार नाही. काढलं तर ते परत येईल. म्हणून तुम्ही गप्प. मग तुम्ही गप्पच राहा. कुठे सोडलंत ते खड्याने सांगितलंय. त्याला कालवं चिकटलेलीत. कालवं पुळणीत होत नाहीत, खडपावर होतात, तेही पाण्याखाली जाणाऱ्या. खाडीच्या तोंडाचं खालचं खडप. ओहोटीला उघडं पडतं. आम्ही मीटर घेऊन गेलो तेव्हा भरती होती, वर पुरुषभर पाणी. पाण्याने किरणं दाबून धरली. बरोबर?"

गुणाजीने हळूच डोळे मिटले. मग मोठा श्वास सोडला, पाठीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा.

"भिया नको बाये," तो पहिल्यांदाच आपणहून बोलला. "थंय कोण जाणा नाय. म्हणानच थंय..." आणि तोंडावर हात ठेवून थांबला.

"बाबा," दारातून सलोनी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आई जातत थंय."

"कोण जाता?"

"आई. तुमची नजर चुकवन. वरच्या खडपावर आता पर्यटकांच्या बोटी बांधतत, थंय कालवां रवली नाय. म्हणान खाली जातत. माका कालवांचे डोहाळे लागले ना. तुमका सांगू नको म्हटल्यांनी, तुमी गुडघ्यांवरून वरडतास म्हणान."

"केव्हापासून?" नम्रताने विचारलं.

"तुळशीचा लगीन झाल्यापासून. घळीच्या तोंडार बसाक बरी जागा गावली म्हणत होत्यो. सुकती लागली, पाणी उतारला की रोज."

हिरा उभी होती. साहेबिणीच्या मानासाठी नाही. तिला बसता येत नव्हतं, खाल्लेलं पोटात राहत नव्हतं, आणि नम्रताने हे समोर उभं राहून पाहिलं होतं आणि ती मीटर अंथरुणांत फिरवत बसली होती.

"आता खंय आसत त्यो?"

सलोनीने समुद्राकडे हात केला. सूर्य टेकला होता आणि पाणी पार खाली गेलं होतं.

७

पुळण ओलांडताना मीटर बोलायला लागला, आधी तुटक, मग दाटून. खडपावर चढल्यावर तो एकसारखा किंचाळू लागला तेव्हा नम्रताने त्याचा आवाज बंद केला. आता त्याचा उपयोग नव्हता. हिरा समोरच दिसत होती. घळीच्या तोंडाशी एक गुडघा टेकून, दुसऱ्या अंगावर भार देऊन, हातातल्या कोयतीने कालव फोडत होती. बाजूला नारळाची करवंटी अर्धी भरलेली.

"काकी, थंयसून उठा!"

"कोण गो? बापूंचां चेडू? रव, हां एक फोडतंय."

नम्रताने जाऊन तिचा दंड धरला आणि तिला ओढत वाळूत आणलं. करवंटी लवंडली. हिरा चिडली. "अगो, पिसाळलंस काय? एवढी कालवां! सगळी सांडलंस!"

तेवढ्यात गुणाजी पोचला. तो पुळणीच्या कडेला थांबला होता, धापा टाकत.

"हिरा, तू हंय?"

"मगे खंय जाव?" हिरा म्हणाली. चोरी पकडली गेली म्हणून ती जरा वरमली होती. "सुनेक होयी होती म्हणान इलंय. आता माझ्या गुडघ्यांचां पुराण सुरू करू नको."

गुणाजी वाळूत बसला. तो गुडघ्यांबद्दल काही बोलला नाही.

गाडीवरची माणसं लांब दांड्याचा चिमटा आणि भांडं घेऊन आली. घळीत वर रचलेले गोटे एकेक करून काढले. खाली, हिरा बसायची तिथून वीतभरावर, कुपी होती. पाण्याने तिची चकाकी गेली नव्हती. चिमट्याने उचलून ती भांड्यात टाकली, झाकण फिरवलं, आणि मीटर जवळजवळ गप्प झाला. सगळं मिळून पान खायला लागावा एवढा वेळ गेला असेल.

हिराला तोवर कळलं होतं. कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं, पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिने जोडलं.

"चेडवा," ती नम्रताला म्हणाली, "मी तीच कालवां सलोनीक घातलंय. रोज. तिका काय होयत?"

"नाय काकी. ती डबी बंद होती. तिच्यातून फक्त किरणं येतात, दिव्यातून उजेड येतो तशी. उजेडात ठेवलेली भाकरी खाल्ली म्हणून पोटात उजेड जात नाही. कालवांत काही उतरलेलं नाही. सलोनी तिथे कधी आली होती?"

"खयची? तिका मी उंबऱ्याभायर सोडूक नाय."

"मग तिला काही नाही. पोरालाही नाही."

हिराने पदराने तोंड पुसलं. "नक्की?"

"नक्की."

"देव बरो करो." मग "आनी माका?"

नम्रताने ह्याचं उत्तर आयुष्यात कागदावर अनेकदा दिलं होतं. किती अंतर, किती वेळ, किती दिवस. गुणाकार तिच्या डोक्यात येतानाच होऊन गेला होता.

"मुंबईक जावया काकी. उद्याच. मी येतंय तुमच्यावांगडा."

"मुंबईक?" हिरा म्हणाली. "इतक्या लांब?" आणि नवऱ्याकडे वळून, नेहमीच्याच आवाजात, "उठ रे. काळोख पडता. सलोनी एकटी आसा घरात."

फौजदारांनी गुणाजीवर कोणतं कलम लावायचं याचा बराच विचार केला. चोरी बसत नव्हती, कट बसत नव्हता. शेवटी निष्काळजीपणा लावला, तो गुणाजीवर आणि सुशांतवर. दोन पावसाळे गाडी का आली नाही यावर विभागाने एक चौकशी नेमली. बाबूच्या टेंपोत लोक परत बसायला लागले. कुपी सिमेंटच्या पिंपात बंद होऊन, नंबर पडून, काँक्रीटच्या खंदकात गेली. तिथे ती तीनशे वर्षं राहील.

नम्रता हिराच्या खाटेशी रजा टाकून बसायची. हिरा शुद्धीत असली की गावच्या गोष्टी सांगायची, बापूंच्याही. एकदा तिने विचारलं, "बापाशीच्या आठवणीन रडतंस काय गो कधी?" नम्रता म्हणाली, "नाय." हिरा म्हणाली, "रडू येतला. घाई करू नको." ते तिचं शेवटचं नीट बोलणं.

सलोनीला मुलगी झाली ती सतरा फेब्रुवारीला, पुऱ्या दिवसांची, धडधाकट. त्या दिवशी गुणाजी राखणदाराकडे जाऊन आला आणि घरी येऊन सगळं बोलला, कुठे, कसं, केव्हा. ऐकायला सून होती आणि शेजारचे दोघे होते.

हिरा गुणाजी तारी मुंबईच्या इस्पितळात अकरा मार्च दोन हजार पंचवीस रोजी सकाळी वारली. तिचं वय अठ्ठावन्न होतं.